हजर नसलेला भरमाण्णा

भरमाण्णाला कुणी हाक मारली की तो दचकून इकडेतिकडे बघायचा, ओठांवर बोट ठेवायचा आणि अख्ख्या टिळकवाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "मी हितं न्हाय!"

आवाज त्याला देवानं भरपूर दिला होता. देहही दिला होता. दारातून आत यायचं तर वाकावं लागेल एवढी उंची, आणि त्यावर मेण लावून वर वळवलेल्या पिळदार मिशा. असा माणूस आमच्या घरासमोरच्या चिंचेखाली दिवसभर उभा, आणि म्हणणं काय, तर मी इथं नाहीच! आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

भरमाण्णा सीआयडी होता. म्हणजे गुप्त पोलीस. हसू नका. सरकारनं त्याला रीतसर गुप्त म्हणून नेमलं होतं. तो गुप्त राहिला नाही, त्याला सरकार तरी काय करणार? आमचे आप्पा वकील. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनी एक जोरदार भाषण ठोकलं आणि सायबाच्या डोळ्यांत खुपले. तेव्हापासून त्यांच्यावर पाळत ठेवायला भरमाण्णा आला. मी परकर नेसून सागरगोटे खेळत होते, ती पुढे साडी नेसायला लागले, पण भरमाण्णा आपला चिंचेखालीच.

वेष पालटण्याची त्याला भारी हौस. कधी गोसावी व्हायचा, कधी कासार, कधी ज्योतिषी. पण मिशीला हात लावायचा नाही. "वेष पालटीन, ताई, मिशी न्हाय पालटणार," असं मला बजावून सांगायचा. त्यामुळं गोसाव्याच्या भगव्या कफनीवरही त्याच पिळदार मिशा आणि कासाराच्या बांगड्यांवरही त्याच. रस्त्यानं जाणारी बाई हसत विचारायची, "काय भरमाण्णा, आज गोसावी व्हय?" की यांचं आलंच, "मी हितं न्हाय!"

एकदा तो न्हावी झाला. आरसा, वाटी, वस्तरा घेऊन चिंचेखाली बसला. शेजारचे बापूराव मास्तर शाळेला निघाले होते, ते खरोखरच दाढीला बसले. एक गाल झाला आणि आप्पा कोर्टात जायला बाहेर पडले. सरकारी काम ते सरकारी काम! भरमाण्णा वस्तरा टाकून आप्पांच्या मागे आणि दुसऱ्या गालाचा साबण तसाच घेऊन मास्तर भरमाण्णाच्या मागे, "अरे, हा गाल कोण करणार?" म्हणून ओरडत. आपल्यामागं ही मिरवणूक कशाची, हे आप्पांना कोर्टाच्या पायरीपर्यंत कळलं नाही.

आपल्या खात्याचा त्याला काय तो अभिमान! साध्या पोलिसाचं नाव काढलं तरी नाक मुरडायचा. "साधा पोलीस चोरी झाल्यावर येतोय. आमी व्हायच्या आधी बघतोय." निपाणीच्या पुढं कोल्हापूर संस्थानाची हद्द लागायची. "तिथं साध्या पोलिसाचे पाय थांबत्यात," तो सांगायचा, "सीआयडीला हद्द न्हाय." खोट्या नाण्यांची टोळी असो, नाहीतर बाँबवाले असोत, मुलूख ओलांडून माग काढायचा तो याच खात्यानं. खात्याची उतरंड तर तो देवाच्या नावांसारखी म्हणायचा. "दिल्लीत सगळ्यांत मोठा सायेब. त्येच्या खाली आपल्या इलाख्याचा पुण्यातला सायेब. त्येच्या खाली जिल्ह्याचा. मग फौजदार. मग मी."

"आणि तुमच्या खाली?" मी विचारायची.

तो वर झाडाकडं बघायचा. "माझ्या खाली कोण न्हाय. मीच चिंचेखाली हाय." आणि मग जीभ चावायचा, "म्हंजे, न्हाय."

ज्याच्यावर पाळत, त्याच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही, असा त्याच्या खात्याचा नियम. आमच्या आईनं त्यावर तोड काढली. रोज सकाळी ती कुंपणाच्या भिंतीवर चहाचा कप ठेवायची, पाठ फिरवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "मांजरासाठी ठेवलाय गं!" कप रिकामा व्हायचा. सणासुदीला मांजरासाठी पुरणपोळी जायची, वर तुपाची धार. आमच्या घरी मांजर कधीच नव्हतं.

आप्पाही त्याला सांभाळून घ्यायचे. भरमाण्णाचा गुडघा दुखायचा, म्हणून आप्पा चढावर छत्री उघडल्यासारखं करून थांबायचे. मोटारीनं गावाला जायचं असलं तर आदल्या दिवशी गॅलरीतून ओरडून आईला सांगायचे, "उद्या सकाळच्या मोटारीनं निपाणीला जातोय हो!" आई स्वयंपाकघरात, तिला ऐकू जायचं नाही. ज्याला जायचं त्याला जायचं.

अशी सुखानं पाळत चालली होती. पण वयानं म्हणा, साखरेच्या आजारानं म्हणा, आप्पा थंडावले. भाषण नाही, प्रभातफेरी नाही. कोर्ट, जेवण, वामकुक्षी. आणि एके सकाळी भिंतीवरचा कप तसाच राहिला. आईनं डोकावून पाहिलं, तर चिंचेखाली भरमाण्णा तोंड पाडून बसलेला.

"काय झालं, भरमाण्णा?"

एरवीचं उत्तर आलं नाही. तो म्हणाला, "वैनी, वरनं हुकूम आलाय. आप्पासायेब आता निरुपद्रवी झाल्यात म्हणं. हितली पाळत काढणार. मला इजापुराला धाडत्यात."

 आई तडक आत आली आणि पेपर वाचणाऱ्या आप्पांना म्हणाली, "अहो, करा की काहीतरी!"

"काय करू?"

"एखादं भाषण करा."

"अगं, बायकोच्या सांगण्यावरून राजद्रोह करू?"

"मग कुणाच्या सांगण्यावरून करता? त्या माणसानं कुठं जावं आता?"

एवढ्यात खिडकीच्या गजांमागं मिशा दिसल्या. "आप्पासायेब," मिशांनी अजिजीनं सांगितलं, "लई न्हाय. थोड्या शिव्या घाला सरकारला. नाव टिकंल एवढ्याच."

आता तुम्हीच सांगा, पोलिसानं दाराशी येऊन राजद्रोहाची विनवणी केल्याचं कुठं ऐकलंय? पण आप्पांना नाही म्हणवेना. निपाणीला तंबाखूच्या वखारीतल्या कामगारांची सभा होती, तिथं चार शब्द बोलायचं ठरलं. कडक बोलायचं, पण बेतानं. भरमाण्णा पुढच्या रांगेत बसणार आणि पुरे झालं की मिशीला हात लावणार, असा इशाराही ठरला.

पुढचं सगळं आप्पांनीच नंतर हसून हसून सांगितलं. सुरुवात बेताची झाली. पण समोर एवढी माणसं, अंगाला तंबाखूचा वास, डोळ्यांत आशा. आप्पांचा जुना झरा फुटला! भरमाण्णानं मिशीला हात लावला. आप्पांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी दोन्ही मिशा ओढल्या. मग उठून उभा राहिला आणि दोन्ही हात हलवून ओरडला, "बास! बास, आप्पासायेब!" लोकांना वाटलं, हा खूश झालाय. त्यांनी आणखी टाळ्या पिटल्या. आप्पा आणखी पेटले. सायबाचं राज्य त्यांनी पार समुद्रात नेऊन बुडवलं.

टाळ्यांचा कडकडाट ऐकून लांब रस्त्यावर उभे असलेले साधे पोलीस धावले आणि आप्पांना धरून घेऊन गेले.

आमच्या तोंडचं पाणी पळालं. गुन्हा शाबित झाला तर तुरुंग ठरलेला, आणि साखरेच्या दुखण्याचा माणूस तुरुंगातून धड परत येईल याची खात्री कुणी द्यावी? आईनं अन्न सोडलं. आप्पा कोठडीत असतानाही भरमाण्णा रोज सकाळी चिंचेखाली यायचा. आई चिडून म्हणाली, "तुमचा माणूस तिकडं आत बसलाय, तुम्ही इथं कशाला?"

"मी हितं न्हाय, वैनी," तो मान खाली घालून म्हणाला, आणि भाजीची पिशवी भिंतीवर ठेवून गेला.

खटल्यात सगळी मदार भरमाण्णावर होती. साध्या पोलिसांनी फक्त टाळ्या ऐकलेल्या. आप्पांचे शब्द ऐकलेला सरकारी माणूस तो एकटाच. वखारीतले कामगार तर साक्षीच्या नावानं दिसेनासे झाले होते. साक्षीच्या दिवशी कोर्ट तुडुंब भरलं. आई आणि मी मागच्या बाकावर, एकमेकींचा हात धरून. भरमाण्णा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मिशांना ताजं मेण लावून आला होता.

सरकारी वकिलानं ऐटीत विचारलं, "निपाणीच्या सभेत तू पुढच्या रांगेत होतास. आरोपी काय बोलला ते कोर्टाला सांग."

भरमाण्णानं एकवार आप्पांकडं पाहिलं. मग छाती पुढं काढली आणि आपल्या त्या दांडग्या आवाजात म्हणाला, "मी तिथं न्हवतो, सायेब."

"काय?"

"मी तिथं न्हवतो."

"अरे, तुला शेकडो लोकांनी पाहिलंय!"

"पाहिलं आसंल. मी कुठंच नसतोय, सायेब. कुणालाबी इचारा."

सगळं कोर्ट हसलं. मास्तर तर बाकावरून पडायचे राहिले. टेबल आपटून आपटून मॅजिस्ट्रेटचा हात दुखला. आईला मात्र हसू आलं नाही. तिला कळलं होतं, या माणसानं आत्ता काय केलं ते. पुराव्याअभावी आप्पा सुटले आणि भरमाण्णाची नोकरी त्याच दिवशी गेली.

आप्पा घरी आले. गुळाचा सांजा झाला, आळीभर वाटला. दुसऱ्या दिवशी आईनं सवयीनं भिंतीवर कप ठेवला. चहाला साय आली, पण कप रिकामा झाला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. चिंचेखाली इतकं मोकळं वाटायला लागलं की घरात कुणी तिकडं बघेना.

शेवटी आप्पांनी छत्री उचलली. "चल गं," मला म्हणाले. आम्ही चालत अनगोळला गेलो. भरमाण्णा तिथं एका खोलीत एकटा राहतो, एवढंच ठाऊक होतं. खोलीचं दार लोटलेलं. आप्पांनी हाक मारली नाही. समोर देवळाचा कट्टा होता, त्यावर जाऊन बसले आणि छत्री उघडून तिच्याआड तोंड लपवलं. मला काही कळेना. येणारेजाणारे बघायला लागले. मी लाजेनं अर्धी झाले.

खूप वेळानं दार उघडलं. भरमाण्णा बाहेर आला. मिशांना मेण नव्हतं, त्या गालांवर ओघळल्या होत्या. समोर छत्री बघून थबकला. वाकून बघितलं.

"आप्पासायेब! हितं काय करताय?"

छत्रीमागून आप्पा म्हणाले, "मी इथं नाही."

तो हसायला लागला. तो मोठा देह गदगदा हलला, आणि हसता हसताच कट्ट्यावर बसून रडायला लागला. आप्पांनी छत्री मिटली.

"नोकरीचं वाईट वाटत न्हाय," डोळे पुसत तो म्हणाला. "माझं गाव मच्छे. भाऊ हाय, भावजय हाय, पोरं हायत. पर मी उंबऱ्यात पाय टाकला की समदी गप्प. सीआयडी आला म्हणून. सख्ख्या भावाच्या घरात माझ्याम्होरं कोण बोलत न्हाय, आप्पासायेब. ह्या आळीतबी तसंच. तुमच्या दारात तेवढं कोण गप्प होत न्हवतं. वैनी भांडायच्या, ताई गाणं म्हणायच्या, तुमी सरकारला शिव्या घालायचा. माझ्याकडं बघून जपून बोलायचं सोडून समदी मोकळी बोलायची. म्हणून इजापूर नगं होतं मला."

"मग घरी का आला नाहीस?"

"पाळत संपली की. आता कुठल्या नात्यानं यायचं?"

आप्पा उठले. "चल. चहा निवतोय."

त्या दिवशी भरमाण्णा पहिल्यांदा आमच्या दारातून वाकून आत आला. आत नेहमीचाच गोंधळ चालला होता. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून आमच्याकडंच राहणारी आत्या आईला बोलत होती, आई आत्याला. भरमाण्णा आला म्हणून कुणी थांबलं नाही. आईनं भांडता भांडताच मांजराचा कप त्याच्या हातात दिला आणि वर त्यालाच विचारलं, "तुम्हीच सांगा, झालंय का मीठ जास्त?"

तो चहा पीत, मान हलवत, भिजल्या डोळ्यांनी ते भांडण असा ऐकत बसला, जसं काही कीर्तन चाललंय. इतक्यात फाटकाशी बापूराव मास्तर आले. आतला गलका ऐकून त्यांनी बाहेरूनच विचारलं, "काय हो, कोण आलंय?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज गेला. सगळ्या टिळकवाडीला ऐकू जाईल असा.

"मी हाय, मास्तर! भरमाण्णा! मी हितंच हाय!"