रामटेकेकाका आणि बारावीची केमिस्ट्री

रामटेकेकाका रासायनिक समीकरण सोडवून झालं की त्याखाली सही करतात. तारखेसकट. समीकरण चुकलेलंच असतं, पण सही अशी ठसठशीत की लाल पेन उचलायला माझा हात धजत नाही.

काका आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत फायली हलवल्या, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले, पाठोपाठ काकू गेल्या. आणि बासष्टाव्या वर्षी यांनी मुक्त विद्यालयाचा बारावीचा फॉर्म भरला. एकाच विषयाचा, केमिस्ट्रीचा. मी शाळेत केमिस्ट्री शिकवते. एका रविवारी सकाळी वही, दोन पेनं आणि पट्टी घेऊन ते दारात उभे. "अर्चना, मुख्य मुख्य गोष्टींची उजळणी पाहिजे." चपला काढून आत आले आणि त्या क्षणापासून मला मॅडम म्हणू लागले.

लिफ्टमध्ये भाटिया आंटींनी विचारलंच, "भाईसाहब, इस उम्र में केमिस्ट्री?"

"जी, एक फाइल पेंडिंग है," काका म्हणाले.

पंधरा वर्षांत मी नाना तऱ्हेची मुलं पाहिली. पण इतकं हताश मला कुणीच केलं नाही, कारण काका अभ्यास करायचे. व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ. आणि समजायचं काहीच नाही.

समीकरणाचा समतोल साधताना मी पाण्यापुढे दोन लिहिला, की त्यांचं पेन थांबायचं.

"मॅडम, हा दोन कुणाच्या मंजुरीने आला?"

"काका, दोन्हीकडचे अणू सारखे व्हायला नकोत का?"

"बिल्कुल व्हायला पाहिजेत. पण मागच्या ओळीत हा नव्हता."

मोल म्हणजे डझनासारखं, असं समजावलं तर म्हणाले, "डझनभर केळी मी पाहिली आहेत, मॅडम." इलेक्ट्रॉन मिळाला की रिडक्शन होतं, हे ऐकून तर ते दुखावलेच. "मिळूनही कमी? समजून नाही राहिलं." हे 'समजून नाही राहिलं' मी एका बैठकीत सतरा वेळा मोजलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

एकच धडा त्यांना पहिल्या झटक्यात कळला, रासायनिक संतुलनाचा. "म्हणजे दोन्ही बाजूंनी काम जोरात चालू, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच हललेलं दिसत नाही? अच्छा! हे तर मी छत्तीस वर्षं केलं."

परीक्षेचं केंद्र करोल बागेतल्या एका शाळेत होतं. काका दोन दिवस आधी मेट्रोने जाऊन वर्ग बघून आले, पंखा चालतो की नाही तेसुद्धा. पेपर देऊन परतले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. "तीन तास होते, मॅडम. पहिल्या तासातच मला काहीच येत नाही हे कळलं. पुढचे दोन तास बसून काढले."

निकाल मीच माझ्या लॅपटॉपवर पाहिला. ऐंशीपैकी एकोणीस. नापास. मला रडू आलं, पण काकांनी नुसती मान हलवली. "याची प्रिंट काढून दे, अर्चना."

"कशाला, काका?"

त्यांनी टेबलावरची वही मिटली. मग म्हणाले, "प्रज्ञाला पाठवायची आहे."

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी ती बारावीत केमिस्ट्रीत नापास झाली होती, हे मला तेव्हा कळलं.

"मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, यात अवघड काय आहे? माझा बाप अंगठा लावायचा, मी साहेब झालो. तुला खोली आहे, टेबल आहे, लॅम्प आहे. ती म्हणून राहिली होती, बाबा, नाही समजत. मी म्हणालो, ढोंग आहे." काका टेबलावरची पट्टी सरळ करत राहिले. "नागपूरला मावशीकडे गेली. तिथेच राहिली. आई गेली तेव्हा चार दिवस आली होती. माझ्याशी बोलली ते एवढंच, पाणी देऊ का."

प्रिंट काढली. काकांनी प्रिंटचा फोटो घेतला, पण मार्कांवर बोट आलं होतं. परत घ्यायला ते तयार होईनात. जन्मभर पानंच्या पानं टिपणं लिहिलेला माणूस मोबाइलवर एक ओळ लिहायला वीस मिनिटं बसला होता. शेवटी लिहिलं, 'प्रज्ञा, मी नापास झालो. फार अवघड आहे. तुझं खरं होतं.'

पाठवलं. खुणा निळ्या झाल्या. आम्ही दोघंही फोनकडे बघत होतो. मी चहा टाकला, गाळला, आणला. मग फोन वाजला. प्रज्ञाचा मेसेज होता.

'किती?'

काकांनी लिहिलं, 'एकोणीस.'

पुन्हा थोडा वेळ गेला.

'मला बावीस होते.'

काकांनी ते मोठ्याने वाचलं, मग मनातल्या मनात, मग परत मोठ्याने. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बावीस होते होय," ते म्हणाले. "मी विचारलंच नव्हतं."