साळूबाईंचे काटे

एका जंगलात, बाळांनो, करंजाच्या झाडाखाली एक दवाखाना होता. डॉक्टर एकच, साळूबाई. साळिंदराची जात, त्यामुळे टोचायला सुई कधी शोधावी लागत नसे. पेशंटांची रांग मात्र थेट ओढ्यापर्यंत.

त्या वर्षी लेकरांना खोकल्याने धरलं. सशांच्या, हरणांच्या, रानडुकरांच्या, सगळ्यांच्याच. निम्मी लेकरं करंजाच्या सावलीत निजत. उरलेली पलीकडे उन्हात, कारण सावलीत जागा नव्हती. सावलीसाठी आयांची रोज भांडणं.

साळूबाईंना वाटू लागलं, उन्हातली लेकरं लवकर उठतात. पण नुसतं वाटून काय उपयोग? मग त्यांनी एक केलं. आठ दिवसांच्या आत लेकरू बरं झालं, की आपला गळालेला एक काटा जमिनीत खोचायचा. सावलीतलं असेल तर सावलीत, उन्हातलं असेल तर उन्हात.

"हे काय मांडलंय, बाई?" दुर्पा सशिणीने विचारलं. तिचं धाकटं सावलीत खोकत होतं.

"मोजतेय गं. अजून अकरा लेकरं होऊ देत. मग सगळ्यांना छातीठोक सांगेन."

"आणि माझं?"

"तुझं आजच हलव. मला आपलं वाटतंय म्हणून."

तेवढ्यात तीन बगळे आले. पांढरेशुभ्र. आपले डॉक्टर संशोधन का करत नाहीत, असा प्रश्न वाघमहाराजांना पडला होता. त्यासाठी ही समिती. साठ प्रश्न होते, चार दिवस पुरले.

"बाई, संशोधनात तुम्हाला रस आहे, थोडा आहे, की नाही?"

"रस आहे हो. वेळ नाही. जरा हे डुकराचं पिल्लू धरता का?"

थोरले बगळे दोन पावलं मागे सरले. "तसा रकाना नाही आमच्याकडे."

साळूबाई पिल्लाच्या छातीला कान लावून बसल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मान वर केली, तर जमिनीत एकही काटा नाही!

"साहेब, माझे काटे!"

"छान टोकदार आहेत," थोरले बगळे लिहितालिहिता म्हणाले. "आमच्या लेखण्या मोडल्या होत्या. काळजी नको, अहवालात तुमचे आभार मानलेत."

अहवालात लिहिलं होतं: डॉक्टरांना संशोधनात रस नाही. तो वाढावा म्हणून ही प्रश्नावली वर्षातून चारदा भरून घ्यावी. तिन्ही बगळ्यांना बढती मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईंनी दवाखाना उघडला. मग म्हणाल्या, "चला, पुढचं लेकरू आणा."

पण रांग हलेना. सगळ्या आया गवताची अंथरुणं ओढत उन्हाकडे निघाल्या होत्या. आता भांडणं उन्हासाठी!

"अगं, यांना कुणी सांगितलं?"

"मी," दुर्पा म्हणाली. तिचं धाकटं तिच्या पाठीवरून उड्या मारत होतं. "उन्हात एकोणचाळीस काटे होते, सावलीत सतरा. लेकराच्या उशाशी बसून मी रोज मोजत होते. दुसरं काय काम होतं मला?"

साळूबाई इतक्या हसल्या, की आणखी दोन काटे गळून पडले. ते त्यांनी पटकन पोटाखाली लपवले.

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी डॉक्टर झालात आणि संशोधन करावंसं वाटलं, तर संशोधन का होत नाही याचंच करा. त्याला पेशंट लागत नाही, आणि काटे दुसऱ्याचे चालतात.