खालच्या दौलतीने तीन कड्यांसाठी मांडलेल्या झुंजीची हकीकत

श्री. ज्या लाकडावर घर उभे त्यास प्रथम नमस्कार, मागाहून घरधन्यास. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तले ते यथास्थित लिहितो. कोणाची भीड धरून लिहीत नाही. राज्याचे नाव पुसू नये; पुसणाराने आपल्याच घराचे छत पाहावे.

त्या राज्यास दोन भाऊ धनी, थोरले विसाजीराव आणि धाकटे केशवराव. वडील वारल्यावर वाटणी जाहली ती ऐसी की माडी थोरल्यांची आणि तळमजला धाकट्यांचा, आणि मध्ये सरहद्द म्हणावी तर कडीपाट, म्हणजे आडव्या लाकडी कड्या आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. वरून पाहता थोरल्यांची जमीन आणि खालून पाहता धाकट्यांचे छत. कड्या कोणाच्या, हे वाटणीपत्रात लिहावयाचे राहिले. शहाण्यांनी केलेले कागद ऐसेच असतात.

पुढे थोरल्यांचे मनी आले की माडीवर न्हाणीघर करावे आणि त्यात वीस घागरी पाणी मावेल ऐसा टब बसवावा. मग गणपत नळवाला फौजेनिशी चढोन आला, फौज म्हणजे एक करवत, एक छिन्नी आणि गालात तंबाखू, आणि त्याने फळ्या उचकटल्या, आणि नळीच्या वाटेत कड्या आल्या म्हणोन तीन कड्यांस मधोमध खाचा पाडिल्या, आणि नळी भिंतीत उतरविताना कड्यांची टोके जेथे टेकली होती तेथल्या विटाही फोडिल्या. खाली केशवरावांचे कुटुंब सगुणाबाई भाकरी थापीत होत्या. त्या वखारवाल्याची लेक, लाकडातच वाढलेल्या. तव्यात भुसा पडला म्हणोन वर पाहिले, आणि मग तवा उतरवून शिडी लावोन चढल्या, आणि खाचेत बोटे घालोन मोजिले. कडी सहा बोटे उंच, एक बोट खाच कशीबशी सोसावी, तर येथे तीन बोटे. टोके चाचपिली, ती भिंतीत चार बोटे हवीत, तर एका बोटावर टेकलेली. आणि नेमके त्याच कड्यांखाली त्यांच्या दोन मुलींचे अंथरूण. बाईंस संताप आला, आणि तो रास्तच होता.

त्या तडक माडीवर गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मधोमध खाच? सगळा भार मधेच येतो. नळी भिंतीच्या कडेनं न्या, आणि आधी या कड्यांना जोड द्या." गणपत हसोन म्हणाला, "वहिनी, सागवान आहे. शंभर वर्षं काही होत नाही." थोरले गरजले, "माडी माझी आहे. सगुणा, तू तुझी चूल सांभाळ." केशवराव मान खाली घालोन उभे राहिले, त्यांची मान उपजतच तैसी.

मग फळ्या ठोकल्या आणि टब बसला, आणि दुसरे दिवशी दुपारी पाणी भरावे ऐसे ठरले. सगुणाबाईंनी तंटा केला नाही. उलट थोरल्यांस पुरणपोळीचे आमंत्रण धाडिले. वाटणीनंतरचे पहिलेच आमंत्रण. शत्रू शरण आला ऐसे समजोन थोरले मिशीस पीळ देत उतरले, आणि पाट मांडला होता तो बरोबर टबाखाली, आणि ताट वाढले, तूप सोडले, थोरल्यांनी पहिला घास मोडला. तेव्हा सगुणाबाई पदर खोचोन जिन्यापाशी उभ्या राहिल्या आणि वर हाक दिधली, "जाऊबाई, सोडा नळ! टब काठोकाठ भरा."

थोरल्यांचा घास हातीच राहिला. वर पाहिले तो मधली कडी खाचेखाली चिरलेली. उठावे तर वाढल्या ताटावरून कोणी उठत नाही, आणि बसावे तर डोईवर वीस घागरी. "सावकाश जेवा, भाऊजी," सगुणाबाई म्हणाल्या, "सागवान आहे."

माडीवर थोरल्यांचे कुटुंब अन्नपूर्णाबाई नळास हात लावोन उभ्या होत्या, परंतु पाण्याचा आवाज येईना. मग जिन्यावरून त्या बोलिल्या, "अहो, तुम्ही आधी तिथून उठा. मग सोडते."

"ते उठले की सोडाल," सगुणाबाई म्हणाल्या, "आणि माझ्या पोरी, जाऊबाई? त्यांना रोज तिथून कोणी उठवायचं?"

मग केशवरावांनी मान वर केली, आणि हे त्या राज्यात प्रथमच जाहले, आणि म्हणाले, "दादा, फळ्या काढा. नाहीतर मी काढतो." थोरल्यांनी ताट संपविले, हात धुतला आणि धोंडू सुतारास बोलाविणे धाडिले. त्याने खालून टेकू दिले, टब उतरविला, तिन्ही कड्यांस शेजारी भिंतीपासोन भिंतीपावेतो एकेक अखंड नवी कडी जोडिली, टोके दगडावर चार बोटे बसविली, आणि नळी कडेने नेली. सगुणाबाईंनी एकेक टोक हाताने चाचपिले, मगच फळ्या ठोकू दिल्या.

तात्पर्य, तीन कड्यांची झुंज ती ऐसी. झुंजीच्या अखेरीस पडलेल्यांची यादी द्यावयाची चाल आहे. येथे यादी नाही, आणि ती लिहावी लागू नये म्हणोनच एक बाई थोरल्या दिराशी भांडली.