कॅफीनच्या खाचा

खाचा मोजण्यात स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी सगळ्यांना स्वतःच सांगत असे.

कॅफीनच्या रेणूंभोवती पॉलिमर घट्ट होऊ द्यायचं, दळून भुकटी करायची आणि आतलं कॅफीन आम्लाच्या द्रावणाने धुऊन काढायचं. गादीवर रोज झोपणाऱ्याचा खड्डा पडावा, तशा त्याच्या मापाच्या खाचा मागे उरतात. पण सगळ्या सारख्या नसतात. काही कॅफीनला घोरपडीसारख्या धरून बसतात, काही आलं तसं जाऊ देतात. कुठल्या किती, हा माझा प्रबंध.

पहिल्या मोजणीत घोरपडी भरपूर निघाल्या. आमची प्राध्यापिका गुन्वर खूश झाली आणि तिने उप्सालाहून परीक्षक बाईंना बोलावलं. मी खात्री म्हणून त्याच बाटलीतली भुकटी पुन्हा मोजली. घोरपडी निम्म्यावर आल्या होत्या. पुढच्या खेपेला जवळजवळ संपल्याच.

"सिक्स्टन, खाचा काय पळून जातात?" गुन्वरने विचारलं.

"वय होतं त्यांचं," मी ठोकून दिलं.

नवी भुकटी केली. तीही आठवड्यात म्हातारी झाली. तेव्हा मला शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मार्ताचा संशय आला. आमचं कपाट एकच होतं.

"तू माझ्या बाटलीला हात लावतेस," मी म्हणालो.

"मला काय करायचीय तुझी बाटली? माझं काम कीटकनाशकांवर आहे."

"मग तेच सांडलं असशील तिच्यात."

मार्ता आपलं सामान उचलून पलीकडच्या खोलीत गेली. जाताना चांगला तराजूही घेऊन गेली. तो तिचाच होता म्हणा, पण माणसाने वेळ बघायची की नाही?

परीक्षक बाई येणार त्या सकाळी कपाट उघडलं, तर बाटलीच गायब. मी तणतणत कॉफीच्या खोलीत गेलो. तिथे आर्विद बसला होता. आमची प्रयोगशाळा त्यानेच उभी केली. निवृत्त झाला तरी कॉफीच्या वेळेला रोज हजर. त्याच्या कपावर गाळणी होती आणि गाळणीत माझी भुकटी!

"आर्विद, हे काय?"

"डॉक्टरने कॅफीन बंद केलंय."

"मग बिनकॅफीनची कॉफी आण की विकत."

"ती पुठ्ठ्यासारखी लागते रे. तुझ्या भुकटीतून गाळली की चव राहते."

"आणि वापरलेली भुकटी?"

"टाकतोय होय? गरम पाण्याने धुतो, वाळवतो, परत बाटलीत भरतो. मला काय चोर समजलास?"

गरम पाण्याने फक्त सैल खाचा रिकाम्या होतात. घोरपडी थोड्याच सोडतात? त्या कॅफीनने तुडुंब भरलेल्या, म्हणून माझं नवं कॅफीन घेईनात आणि मोजणीत दिसेनात. म्हणजे इतके दिवस मी आर्विदची कॉफी मोजत होतो!

"अरे, त्या भुकटीत काय काय रसायनं असतील. पोटात गेली तर?"

"जन्मभर हुंगलीच ना? पण छातीतली धडधड बघ कशी थांबलीय."

दारात गुन्वर आणि परीक्षक बाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"खऱ्या कॉफीतून कॅफीन निघतं?" बाईंनी विचारलं. "हे प्रबंधात कसं नाही?"

"हे प्रबंधात येणार नाही," मी म्हणालो.

"येणार," गुन्वर म्हणाली. "आर्विद, तो कप खाली ठेव. पिऊ नकोस, मोजायचाय."

मोजायला चांगला तराजू हवा होता. मी मार्ताच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तराजू हवाय की माफी मागायचीय?" तिने मान वर न करता विचारलं.

"दोन्ही."

"आधी माफी."

मागितली. तिने ती पुन्हा, मोठ्याने मागायला लावली.

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव आर्विदचं, कारण गुन्वरच्या मते प्रयोग त्याने केला. दुसरं मार्ताचं, कारण तराजू तिचा. लग्नात नवरदेवाने वरातीमागून चपला सांभाळत चालावं, तसं माझं नाव तिसरं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," आर्विदने माझी पाठ थोपटली. "तुझी मोजमापं सगळी चुकली, तरी नाव आलं की नाही?"

माझी मोजमापं अगदी बरोबर होती! पण हे लुंडमध्ये आता कोणी ऐकूनच घेत नाही.