कात्रीकाका गप्प बसले

कात्रीकाकांच्या सलूनमध्ये त्या दिवशी फक्त कात्रीचा आवाज येत होता, आणि त्यामुळेच खुर्चीत बसलेले निवृत्त हेडमास्तर घाबरले. एरवी काकांची कात्री जास्त चालते की जीभ, हे सांगणे कठीण. गल्लीत कुठे खुट्ट झाले तरी त्याची बातमी आधी इथे येऊन बसायची.

"काका, घरी सगळं ठीक ना?"

"हं."

"कुणी गेलंबिलं का?"

"छे."

हेडमास्तर अर्ध्या मिशीनिशी आरशात बघत राहिले.

झाले होते असे, की शेअर दलालाकडचा कारकून दाढीला आला होता. गरम टॉवेलाच्या आतून तो पुटपुटला, "एक चिमुकली कंपनी आहे, काका. समुद्रात तेल शोधतेय. शेअर दाढीपेक्षा स्वस्त. तेल लागलं की मग हात लावता येणार नाही. फक्त कुठं बोलायचं नाही."

काकांनी घेतले. पैसे मात्र लेकीच्या खुर्चीचे होते. लेक बायकांचे केस कापायला शिकून आली होती, आणि सलूनच्या मागच्या खोलीत तिला पायाने वर-खाली होणारी खुर्ची घेऊन द्यायचे काकांनीच कबूल केले होते. "येईल गं पुढच्या महिन्यात, लाल रंग संपलाय त्यांच्याकडे," अशी थाप मारून त्यांनी वेळ मारून नेली. लेकीने स्वयंपाकघरातले स्टूल आणले, वर उशी टाकली आणि कामाला लागली. ते स्टूल दिसले की काकांना मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. तेल लागले की एक सोडून दोन खुर्च्या घेऊ, अशी ते मनाची समजूत घालत.

पण त्यांच्या पोटात कधी काही राहिलेले नव्हते. एक शब्द बाहेर पडला तर मागोमाग तेलही येईल, म्हणून त्यांनी तोंडच बंद केले.

गल्लीला चैन पडेना. समोरच्या औषधवाल्यांची दाढी चालू असताना रेडिओवर कच्च्या तेलाचे भाव लागले, आणि त्यांच्या गालावरचा वस्तरा जागच्या जागी थांबला. औषधवाले पक्के. पुढच्या दाढीला ते वर्तमानपत्र घेऊनच बसले आणि तेलकंपन्यांची नावे एकेक करून मोठ्याने वाचू लागले. एका नावाला वस्तरा पुन्हा थांबला. औषधवाले फेस न पुसताच घरी पळाले.

बघता बघता अख्ख्या गल्लीने तो शेअर घेतला. कंपनी इतकी लहान, की एका गल्लीच्या पैशानेही तिचा भाव चढला. कारकून धापा टाकत आला. "काका, कुणीतरी जोरात खरेदी करतंय! आतल्या लोकांना नक्की काहीतरी कळलंय!"

"मग विकू?"

"वेड लागलंय का?"

काका आणखी गप्प झाले. ते बघून गल्लीने आणखी शेअर घेतले.

आणि मग बातमी आली. एवढा खर्च करून, समुद्रात भोक पाडून, कंपनीला पाणी लागले होते. शेअर असा आपटला, की दाढीबरोबर फुकट दिला तरी कोणी घेतला नसता.

गल्ली सलूनमध्ये घुसली. "बुडवलंत तुम्ही आम्हाला!" औषधवाले ओरडले.

"मी? मी एक अक्षर तरी बोललो का?"

"तेच तर! बोलला असता तर कोण विश्वास ठेवणार होतं?"

तेवढ्यात दारात टेम्पोवाला उभा राहिला. "खुर्ची कुठं उतरवू?" खुर्ची लालभडक होती.

"चुकून आणलीस बाबा," काका कसेबसे म्हणाले. "आम्ही पैसे भरलेले नाहीत."

"मी भरलेत," आतून लेकीचा आवाज आला. पडदा सरकला. लेकीमागून औषधवाल्यांच्या पत्नी ओल्या केसांनी बाहेर आल्या.

"आमच्याच पैशांची आहे खुर्ची," त्या म्हणाल्या. "पूर्वी इथं यायची सोय होती का? केसांना रंग लावला, की मी कोपऱ्यावर पोचायच्या आत गल्लीभर व्हायचं. हल्ली काका ब्र काढत नाहीत, म्हणून आम्ही सगळ्याजणी यायला लागलो."

"म्हणजे तो रंग आहे?" औषधवाल्यांनी विचारले.

"तुम्ही तुमचे शेअर सांभाळा."

काकांचे डोळे भरून आले. "पोरी, लाल रंग संपलेला नव्हता गं. तुझे पैसे मी समुद्रात घातले."

रंग हवा तेवढा आहे, हे लेकीला दुकानातच कळले होते. समुद्राचे मात्र आत्ता कळले. मग तिने नॅपकिनने त्यांचे डोळे पुसले. "मला सांगायचं तरी, बाबा."

काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याबरोबर इतके दिवस अडलेली जीभही सुटली. "अरे, बसा सगळे, पहिल्यापासून सांगतो! आणि हो, रंगावरून आठवलं, हेडमास्तरांची मिशी..."

हेडमास्तरांनी मिशीवर हात ठेवला. मागच्या खोलीतल्या बायका भराभर पर्सा उचलू लागल्या. लेकीने बाबांना नव्या खुर्चीत बसवले, त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल टाकला आणि गर्दीत मागे दडलेल्या कारकुनाला शोधून काढले.

"दादा," ती हळूच म्हणाली, "अजून एखादी लहानशी कंपनी आहे का हो? तेल नाही लागलं तरी चालेल."