गुरप्पाअण्णांची खुंटी

वळसंगचे गुरप्पाअण्णा पाहुण्याला चहा देतात, पण पाहुण्यानं पहिला घोट घेतल्याशिवाय स्वतःचा कप ओठाला लावत नाहीत. चहा त्यांच्याच घरचा, दूध त्यांच्याच म्हशीचं, आणि करणारेही तेच. तरी आधी पाहुण्यानं प्यायचं! "यारनू नंबबेड," असं ते वर कानडीत बजावतात. कुणावरही विश्वास ठेवू नको. त्यात ते स्वतःलाही धरतात, असा माझा दाट संशय आहे.

मी पवनचक्कीच्या कंपनीत जमिनीचं काम बघतो. म्हणजे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायचं आणि तो 'हो' म्हणेपर्यंत उठायचं नाही. आमच्या भागात पवनचक्की नवीनच. वारं कशाला लागतं, तर ज्वारी उफणायला. तेच वारं मागत कुणी जीप घेऊन आलं, तर गाव बिचकणारच. पण अण्णांचं बिचकणं म्हणजे काय विचारता!

"सगळं वारं तुमी वढून घेतलं, तर आमी उफणायचं कशावर?"

"अण्णा, वारं काय संपतं होय?"

"बोअरवाले बी आसंच म्हणत हुते की, पाणी काय संपतंय होय."

झालं! पुढच्या खेपेला ढगांचा विषय निघाला. एवढाली पाती फिरणार म्हणजे आलेला ढग कापला जाणार. मी मोबाईलवर पावसात फिरणारी पवनचक्की दाखवली. त्यांनी नीट पाहिली आणि मोबाईल परत दिला. "ह्यात हत्ती बी उडतंय. नातवानं दाखवलंय मला."

पण कसे कोण जाणे, एक दिवस तयार झाले. माळावरची जागा ठरली, इंजिनियरनं लाल खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर खुंटी पार ओढ्याच्या बाजूला सरकलेली! इंजिनियरनं ती परत जागेवर आणली. ती परत सरकली. मग मात्र त्याचं डोकं फिरलं. त्यानं ती पुन्हा जागेवर ठोकली. "म्हातारा खेळवतोय आपल्याला. अजून एकदा खुंटी हलली, तर ही पवनचक्की शेजारच्या गावाला नेतो," तो म्हणाला. मलाही तेच वाटायला लागलं होतं. आतल्या गाठीचा माणूस, याच्या पोटात काहीतरी शिजतंय!

दुपारी इंजिनियर जीपमध्ये डबा खात बसला आणि मी माळावर गेलो. अण्णा खुंटी उपटून हातात घेऊन उभे.

"अण्णा! अहो, काय चालवलंय हे?"

ते दचकले, पण चिडले नाहीत. ओढ्याच्या अंगाला एक बुटका चौथरा होता, वर बेलाची ताजी पानं. त्यांच्यात मृताला बसवून माती देतात, बऱ्याचदा स्वतःच्याच शेतात.

"आमची मंडळी," अण्णा म्हणाले.

"आवाजाचा त्रास नको म्हणून खुंटी लांब नेताय होय?"

"लांब न्हाय वो. जवळ आणतोय."

अण्णांनी चौथऱ्यावरची पानं सारखी केली.

"जल्मभर ह्याच माळावर उन्हात खुरपत बसली. मागनं मी हितं लिंब लावला, न्हाय जगला. परत लावला, त्यो बी जळला. तुमचा खांब हितं आला, तर दुपारनं हिच्यावर जरा सावली यिल."

"अहो, मग हे सांगायचं नाही का सायबाला?"

"हासंल की त्यो."

तेवढ्यात जीपचं दार वाजलं. मी अण्णांच्या हातातली खुंटी घेतली, ते म्हणतील तिथं धरली आणि म्हणालो, "हाणा." अण्णांनी दगड उचलला.

"ए! कोण हलवतंय रे खुंटी?" इंजिनियर लांबून ओरडला.

"मी!" मी ओरडलो.