शेंडीची जागा

मारोतराव मंगळवारी सकाळी गेले, तेव्हा त्यांचा पुतण्या अनिकेत शेजारच्या खोलीत उशीवर गळलेले केस मोजत होता. बावीस भरले. कधीकाळी साठ निघायचे, म्हणून स्वारी खुशीत होती. तेवढ्यात काकूंचा हंबरडा ऐकू आला.

आईबाप लहानपणीच गेलेल्या अनिकेतला मारोतराव आणि इंदूबाईंनी दारव्ह्यात पोटच्या पोरासारखं वाढवलं, पंचायत समितीत चिकटवलं. पण तिशी ओलांडताच त्याची टाळू उघडी पडली आणि लग्नाच्या बाजारातून तो तीनदा परत आला. मग त्यानं यवतमाळचा डॉक्टर गाठला.

"केसाचं मूळ एकदम मरत नाही," डॉक्टर म्हणाले, "आक्रसत जातं. दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक. औषध लावा. सुरुवातीला जास्तच गळतील, घाबरून बंद करू नका."

शेवटचं वाक्य अनिकेतच्या कानात शिरलंच नव्हतं. पुढचे दोन महिने त्यानं रडकुंडीला येऊन काढले. सातव्या महिन्यात मात्र कपाळाच्या वर कोवळी लव आली. नेरचे पाहुणे पुढच्याच महिन्यात त्याला पाहायला येणार होते. याच सात महिन्यांत काकांनी अंथरूण धरलं होतं. अनिकेत स्वतःची आणि काकांची, दोन्ही औषधं आणायचा. पण एखादं विसरलं, तर ते काकांचंच असायचं.

अग्नी त्यानंच दिला. दहाव्या दिवशी नदीवर न्हावी वस्तरा परजून बसला, तेव्हा अनिकेत भटजींच्या कानाशी लागला.

"महाराज, नुसते बारीक केले तं चालन काय?"

"अग्नी कोणं देल्ला?"

"म्या."

"मंग बसा. शेंडी तेवढी ठेवता येते."

न्हाव्यानं त्याचं डोकं वाकवून नीट पाहिलं. "महाराज, शेंडीची जागा तं आधीच सफा हाय. ठेवू कुठं?"

मागे कोणीतरी खोकल्यात हसू गिळलं.

"जराशी बाजूले ठेव," भटजी म्हणाले.

"कानावर शेंडी ठेवता काय आता?" अनिकेत कळवळला. "काढ बाप्पा, सगळेच काढ!"

वस्तरा फिरला. सात महिन्यांच्या मेहनतीची लव पाण्याच्या ओघळाबरोबर मांडीवर उतरली आणि अनिकेतला हुंदका फुटला. दाबायला गेला, तर दुसरा आला. पाहता पाहता तो ओक्साबोक्शी रडू लागला.

"पोटचं पोरगं एवढं रडलं नसतं," एक आत्या पदर डोळ्याला लावत म्हणाली. मारोतरावांचे सोबती मान खाली घालून नाक पुसू लागले. मघाशी खोकलेला माणूस तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडला. भटजीही पिंड मांडायचे थांबले. जो तो अनिकेतच्या पाठीवरून हात फिरवू लागला, आणि शरमेनं अनिकेतचं रडणं आणखीच वाढलं.

शेवटी इंदूबाई उठल्या. त्याच्याजवळ बसून त्यांनी ओल्या, गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला. काकू-पुतण्याचं दुःख पाहवेना, म्हणून लोकांनी तोंडं फिरवली. इंदूबाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"उगी बाबू. केसं येतीन रे परत," त्या हळूच म्हणाल्या. "ते नाही येनार."

अनिकेत एकदम गप्प झाला. लोकांना वाटलं, काकूनं समजूत घातली. विधी उरकले, मंडळी हातपाय धुऊन जेवायला निघाली.

मग त्याला खरं रडू आलं. तेव्हा ते पाहायला काठावर कोणीच नव्हतं.